ज्याची खातात पोळी त्याचीच उडवतात टर: सिम्पसन्सला हे जमतं कसं?

प्रश्न साधारण असा आलाय: 'द सिम्पसन्स' हे अमेरिकन कार्टून तिकडच्या फॉक्स नेटवर्कवर चालतं, पैसा फॉक्सचा, तरी त्यात फॉक्सला, चॅनलच्या साहेबांना, अख्ख्या टीव्ही-सिनेमाच्या धंद्याला इतकं धुतात, ते चालवून कसं घेतात? आणि ते इतकं नेमकं कसं लागतं? आपल्याकडे तसं का दिसत नाही? विचारणारा ॲनिमेशन शिकतोय म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी १९ वर्षं मुंबईत याच धंद्यात आहे, सुरुवात परदेशी सिरीजच्या क्लीनअपपासून (कच्च्या चित्रांच्या रेषा पक्क्या करणं) केली, मग बरीच वर्षं स्टोरीबोर्ड, आता मुलांच्या कार्टूनचं लेखन. म्हणजे सिम्पसन्सवाले ज्या मीटिंगा चित्रात काढतात तसल्या मीटिंगांमध्ये मी स्वतः पार्ले-जी बुडवत बसलेलो आहे.

आधी एक गोष्ट बाजूला करू. इंडस्ट्रीची खिल्ली म्हटलं की लोकांना वाटतं स्टार लोकांची नक्कल. ती सिम्पसन्समध्ये आहेच, दंडवाला ॲक्शन हिरो रेनियर वुल्फकॅसल आहे, पडेल सिनेमांचा नट ट्रॉय मॅक्ल्युअर आहे जो दरवेळी 'तुम्ही मला अमुक अमुक मध्ये पाहिलं असेल' म्हणत एंट्री घेतो, आणि क्रस्टी नावाचा विदूषक आहे जो पैसे दिले तर कशावरही आपला फोटो छापून देतो. १९९२ च्या 'कॅम्प क्रस्टी' मध्ये त्याच्या नावाने चाललेल्या समर कॅम्पमध्ये पोरांचे हाल होतात आणि हा त्यांना सांगतो की अरे माझ्या दारात डंपर भरून पैसे आणले होते, मी काय दगडाचा आहे का. मस्तच आहे हे, पण नट लोभी असतात, स्टार मूर्ख असतात, हे रिक्षावाला पण सांगेल. सिम्पसन्सचा खरा मार बसतो तो कामाच्या पद्धतीवर. कोण कोणाला नोट (म्हणजे बदलाची सूचना) देतं, ती नोट खाली येईपर्यंत तिचं काय होतं, पैसे कुठे वाचवतात, श्रेय कोण खातं, असल्या बारीक गोष्टींवर. आणि ते बारीक तिथेच जमलंय जिथे लिहिणारे स्वतः बसलेले होते, जिथे नव्हते तिथे साफ फसलंय, पण ते पुढे सांगतो.

एकच एपिसोड बघायचा असेल तर ९ फेब्रुवारी १९९७ चा बघा, पूचीवाला (पूची म्हणजे त्यात येणारं नवीन कुत्र्याचं पात्र). सिम्पसन्सच्या जगातली पोरं टीव्हीवर 'इची अँड स्क्रॅची' बघतात, उंदीर मांजराला कापतो, जाळतो, सोलतो, संपलं, एवढंच कार्टून. त्याचं रेटिंग घसरतं. आता रेटिंग घसरलं की जे होतं तेच होतं, आरशामागची खोली. पोरांना गोळा करून कार्टून दाखवतात, प्रत्येकाच्या हातात एक बटण, आवडलं तर इकडे फिरवा नाही आवडलं तर तिकडे, आणि आरशाच्या पलीकडे साहेब लोक. माणूस विचारतो, तुम्हाला खऱ्या आयुष्यातल्या प्रश्नांवरचं कार्टून आवडेल का? सगळी पोरं हो हो करतात. मग विचारतो, की त्याच्या बरोब्बर उलटं, रोबो आणि जादू असलेलं आवडेल? परत सगळी हो हो. म्हणजे तुम्हाला अगदी वास्तववादी पण जादूच्या रोबोंनी भरलेलं कार्टून पाहिजे? हो! आणि त्यातला मिलहाऊस नावाचा पोरगा वर म्हणतो की बघितलं की बक्षीस पण मिळालं पाहिजे. राल्फ तर सांगतो की माझ्या बटणाची चव विचित्र लागते.

हसू येतं ना, पण मी असल्या खोलीत काचेमागे बसलोय. अंधेरीत, आठ पोरं, आमच्या एका सिरीजचे दोन एपिसोड दाखवले. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी विचारलं सगळ्यात काय आवडलं, एक मुलगी म्हणाली क्रीमवालं बिस्कीट. ते रिपोर्टमध्ये 'स्नॅकिंग मोमेंट्सशी भावनिक कनेक्ट' म्हणून आलं. शपथेवर सांगतो. आणि पुढच्या तीन एपिसोडमध्ये आमच्या सिरीजमधलं अस्वल खात असताना दाखवायचं असं ठरलं.

परत पूचीकडे. त्या खोलीत एकटी सिम्पसन्सची मुलगी लिसा शहाणं बोलते, ती म्हणते कार्टून वाईट नाहीये, इतकी वर्षं झाली की पात्रांचा तो पहिला ठसा राहत नाही एवढंच. हे ऐकून कार्टूनचा मालक रॉजर मायर्स खूश, म्हणजे नवीन पात्र टाकायचं, पोरी तू कार्टून वाचवलंस! आणि लगेच वकील कागद पुढे करतो की तू हे कार्टून वाचवलेलं नाहीस अशी इथे सही कर. दहा सेकंदाचा जोक आहे हा. पण या धंद्यात ज्याने कधी काँट्रॅक्ट सही केलंय त्याच्या पोटात इथे गोळा येतो, कारण कल्पना कोणाची हा प्रश्न उद्या कोर्टात उठू नये म्हणून आजच कागद करून घेतात, आणि ते इतक्या हसतमुखाने करतात की सही करणाऱ्याला वाटतं आपला सत्कारच चाललाय.

मग ती मीटिंग. नवीन पात्र कुत्रा असावा हे ठरलंय, आता तो 'कूल' पाहिजे. चित्रकार बिचारा काढतोय, गॉगल लावतोय, साहेब म्हणतात अजून ॲटिट्यूड पाहिजे, अजून दहा टक्के रास्ताफारियन (जमैकातल्या जटावाल्या पंथासारखा) करा त्याला. टक्क्यांत! हा आकडा लिहिणाऱ्याने हवेतून नाही काढला, मला 'अस्वल १५ टक्के जास्त खोडकर करा' असा मेल आलेला आहे. त्या मीटिंगमध्ये 'प्रोॲक्टिव्ह' आणि 'पॅराडाइम' असले शब्द उडतात, तेव्हा एक लेखक हळूच विचारतो की हे शब्द मूर्ख लोक आपण मोठे आहोत असं दाखवायला वापरतात ना? आणि वाक्य संपता संपता त्याला कळतं, म्हणतो, माझी नोकरी गेली ना? गेली. इथे लिहिणाऱ्यांची कमाल बघा, साहेबाला शिव्या नाही घातल्या, साहेब खलनायक नाही केला. साहेब तर हसरा, उत्साही, सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटणारा माणूस आहे, आणि तरी त्याच्या हातून एक चांगलं चाललेलं कार्टून मरतंय. खरे साहेब असेच असतात हो, मी एवढ्या वर्षांत एकही दुष्ट क्रिएटिव्ह हेड पाहिला नाही, सगळे फार गोड.

पूचीचा पहिला एपिसोड लागतो, इची आणि स्क्रॅची फटाक्यांच्या फॅक्टरीकडे निघालेत, वाटेत पूची भेटतो आणि मग तो रॅप करतो, कसरती दाखवतो आणि फॅक्टरी काही येत नाही. मिलहाऊस रडकुंडीला येऊन विचारतो फटाक्यांची फॅक्टरी कधी येणार? माझ्या मते पटकथेच्या क्लासमध्ये वर्षभर शिकवतात ते सगळं या एका प्रश्नात आहे. प्रेक्षकाला तुम्ही एक वचन दिलंय, आणि तुम्ही चॅनलचं कुत्रं नाचवताय.

पूचीला आवाज देतो लिसाचा बाप होमर. त्याला कळतं की पूची लोकांना आवडला नाही, तेव्हा त्याचा उपाय काय तर पूचीचा आवाज अजून मोठा पाहिजे, तो अजून रागीट पाहिजे, त्याच्याकडे टाइम मशीन पाहिजे, आणि तो पडद्यावर नसेल तेव्हा बाकीच्यांनी 'पूची कुठंय?' असं विचारलं पाहिजे. आपल्याकडच्या कुठल्याही डेली सोपमधल्या कलाकाराला हे वाचून दाखवा, ओळख पटेल. शेवटी पूचीला काढायचं ठरतं, होमर रेकॉर्डिंगला स्क्रिप्ट सोडून स्वतःच्या मनाने एक कळकळीचं भाषण करतो, सगळ्यांना पटल्यासारखं होतं, आणि प्रत्यक्ष लागतं तेव्हा भलत्याच आवाजात एक वाक्य येतं की मला आता जायला हवं, माझ्या ग्रहाला माझी गरज आहे, आणि पूचीचं चित्र जसंच्या तसं वर सरकवून फ्रेमच्या बाहेर. मग एक पाटी, पूची वाटेत वारला. तो शॉट फ्रेम थांबवून बघा. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, नुसता सेल (चित्र रंगवलेली पारदर्शक शीट) वर ओढलाय. ॲनिमेशनमध्ये शेवटच्या क्षणी बदल आला, पैसे नाहीत, वेळ नाही, तर काय करतात, तर हेच करतात, आहे ते चित्र सरकवतात. सामान्य प्रेक्षक मूर्खपणाला हसतो आणि आमच्यासारखा माणूस त्या सरकवण्याला हसतो. त्याच एपिसोडमध्ये होमर आवाज द्यायला बसल्यावर विचारतो की हे लाइव्ह जातंय का, तर बाई सांगतात की फार थोडी कार्टून्स लाइव्ह असतात, ॲनिमेटरच्या मनगटांवर फार ताण येतो. माझ्या टेबलावर ही ओळ कित्येक वर्षं चिकटवलेली होती, मनगटाला पट्टा होता तेव्हापासून.

आता यातली खरी गंमत. फॉक्सच्या लोकांनी खरोखरच सुचवलं होतं की सिम्पसन्सच्या घरात राहायला एक नवीन पात्र आणा. म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. लेखकांनी काय केलं? आणलं! त्याच एपिसोडमध्ये सिम्पसन्सच्या घरात रॉय नावाचा एक गॉगलवाला पोरगा बसलेला आहे, पहिल्यापासून तिथेच राहत असल्यासारखा, होमरला 'मिस्टर एस' म्हणतो, कोणी काही खुलासा करत नाही, आणि शेवटी निघून जातो. चॅनलची नोट अक्षरशः पाळली आणि पाळूनच तिचा फालुदा केला. शिवाय हा एपिसोड होता १६७ वा. 'द फ्लिन्टस्टोन्स' हे जुनं कार्टून १६६ वर थांबलं होतं, त्यांना मागे टाकायच्या दिवशी दुसरं कोणी केक कापला असता, यांनी आपण म्हातारे झालोय का यावर एपिसोड केला. फॅन लोकांनाही सोडलं नाही, कॉमिकच्या दुकानातला तो जाडा 'आजवरचा सर्वात वाईट एपिसोड' म्हणतो तेव्हा लिसाचा भाऊ बार्ट त्याला सुनावतो की अरे त्यांनी तुला हजारो तास फुकट करमणूक दिली, उलट तूच त्यांचं देणं लागतोस. बार्टचं बरोबर आहे की त्या जाड्याचं, हे त्यांनी तसंच सोडून दिलंय आणि मलाही अजून ठरवता येत नाही.

बाकीचे पटापट सांगतो. १९९३ चा 'द फ्रंट' बघा, त्यात बार्ट आणि लिसा आजोबांच्या नावावर कार्टून लिहून विकतात, कारण पोरांच्या नावाने कोणी वाचतच नाही. त्यात रॉजर मायर्स आजोबांना ऑफिस दाखवत कॉरिडॉरमधून चालतोय आणि सांगतोय की कार्टून महाग पडतं म्हणून आम्ही तीच तीच बॅकग्राउंड परत वापरतो, आणि हे बोलताना मागून तीच सफाईवाली बाई, तोच पाण्याचा कूलर परत परत जातोय. म्हणजे बचतीवरचा जोक आणि तोच जोक करताना बचत. हार्वर्डहून आलेल्या लेखकांची पण त्यात टिंगल आहे, आणि सिम्पसन्सची रायटर्स रूम हार्वर्डच्या पोरांनी भरलेली होती. वर तो एपिसोड लांबीला कमी पडला तर शेवटी शेजारी नेड फ्लँडर्सचं एक छोटंसं प्रकरण शीर्षकगीतासकट चिकटवून दिलंय.

१९९६ चा 'द डे द व्हायलन्स डाइड' मध्ये एक भिकारी म्हातारा कोर्टात जातो की इची मीच बनवला होता, माझा चोरला. तिथे रॉजर मायर्स काय बचाव करतो माहितीय? चोरला असेल, पण अहो ॲनिमेशन उभंच आहे चोरीवर, 'द हनीमूनर्स' ही जुनी विनोदी मालिका कोणी चोरली नसती तर 'द फ्लिन्टस्टोन्स' आलं असतं का? असं म्हणत एकेक जुनी कार्टून्स मोजतो. स्वतःच्या अख्ख्या घराण्याचा पंचनामा स्वतःच्या तोंडाने.

आणि १९९५ चा 'रेडिओॲक्टिव्ह मॅन', सिनेमाचं युनिट गावात येतं. त्यात गाईच्या सीनसाठी घोड्याला गाईसारखं रंगवतायत, कारण खरी गाय फिल्मवर गाय दिसत नाही. मग घोडा दाखवायचा असला तर? तर म्हणे बऱ्याच मांजरी एकत्र चिकटवतो. मला वाटतं हा जोक फक्त आर्ट डिपार्टमेंटमध्ये दिवस काढलेला माणूसच लिहू शकतो. त्या एपिसोडमध्ये आणखी एक छान उलटापालट आहे, नेहमी हॉलिवूडवाले गावाला लुटतात, इथे गाववालेच युनिटवर इतके कर आणि दंड लावतात की ते बिचारे कफल्लक होऊन हॉलिवूडला परत जातात आणि तिथे त्यांना मायेने जवळ घेतात. शूटिंगला आलेल्या युनिटला आपल्याकडे गावात पाण्याच्या टँकरचा काय भाव सांगतात ते आठवून बघा.

बरं, मग हे चालवून कसं घेतात. याचं निम्मं उत्तर कागदावर आहे. सिम्पसन्स १९८७ मध्ये 'द ट्रेसी उलमन शो' मधल्या छोट्या छोट्या तुकड्यांपासून सुरू झालं आणि १७ डिसेंबर १९८९ ला अर्ध्या तासाचं झालं. निर्मात्यांमध्ये जेम्स ब्रुक्स होता, टीव्हीतला फार वजनदार माणूस, आणि फॉक्स नेटवर्क तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं पोर, त्यांना ब्रुक्सची गरज जास्त होती. त्याने करारातच घालून घेतलं की नेटवर्क मजकुरात ढवळाढवळ करणार नाही. अमेरिकन टीव्हीत हे दुर्मिळ आहे, आपल्याकडे तर मी ऐकलेलंच नाही. साहेब नवीन पात्र 'सुचवू' शकतात, 'सांगू' शकत नाहीत, रॉयचा जन्म त्या फटीतला आहे. विद्रोही वृत्ती, धाडस वगैरे ठीक आहे, पण त्याच्या खाली एक कलम लागतं. कलमाशिवाय धाडस केलेले माझ्या ओळखीत तीनजण आहेत, दोघं आता जाहिराती करतात आणि एकाने चिपळूणला आंब्याचं सुरू केलंय.

उरलेलं निम्मं उत्तर हिशेबाचं. कार्टून चाललं, तुफान चाललं, बार्टचे टी-शर्ट खपले. मालकाला एकदा कळलं की मला शिव्या घातल्याने माझाच गल्ला भरतो की मग शिव्या गोड लागतात. १९९९ च्या एका एपिसोडमध्ये फॉक्सच्या मालकाने, रूपर्ट मर्डॉकने, स्वतःच्या आवाजात स्वतःची ओळख अब्जाधीश जुलमी मालक अशी करून दिलीय. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टर उडवतो आणि पाटीलच सगळ्यात पुढे बसून मोठ्याने हसतो, का, तर हसला नाही तर लोकांना कळेल ना की लागलंय. आणि हसून दौलतजादा केली की सोंगाड्या पण आपलाच. मर्डॉक पहिल्या रांगेत बसलेला पाटील होता. आपण हे स्टार वर्ल्डवर बघायचो, ते स्टारसुद्धा तेव्हा त्याचंच, म्हणजे टर इथे विकायची सोय पण त्याच्याच दुकानात.

पण याच मर्डॉकच्या कंपनीने १९९८ मध्ये आवाज देणाऱ्या कलाकारांनी पैसे वाढवून मागितले तेव्हा नवीन आवाज शोधायची तयारी दाखवली होती. तेव्हा त्यांना एपिसोडमागे सुमारे ३०,००० डॉलर मिळत होते, ताणाताणी झाल्यावर १,२५,००० वर मिटलं. जोक चालतो, बिल चालत नाही.

अजून एक कारण आहे जे कोणी फारसं बोलत नाही, ते म्हणजे वेळ. सिम्पसन्सचा एक एपिसोड लिहिण्यापासून हातात येईपर्यंत कित्येक महिने लागतात, आधी लेखन, टेबलाभोवती वाचन, आवाज, स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक (त्याच चित्रांची आवाजासकट कच्ची फिल्म), मग ढीगभर काम कोरियाला, तिथून रंगीत परत, परत दुरुस्त्या. 'साउथ पार्क' या दुसऱ्या अमेरिकन कार्टूनवाले सहा दिवसांत एपिसोड काढतात म्हणून ते या आठवड्याच्या बातमीवर घाव घालतात आणि पुढच्या वर्षी तो एपिसोड समजवायला लागतो. सिम्पसन्सला बातमी पकडताच येत नाही, मग त्यांनी जे बदलत नाही ते पकडलं, आणि चॅनलची मीटिंग काही बदलत नाही. पूचीला किती वर्षं झाली मोजा, माझ्या मागच्या महिन्याच्या मेलबॉक्समध्ये तो जिवंत आहे.

आता फसलंय कुठे ते. वर 'कोरियाला' म्हटलं ना, सिम्पसन्सचं मूळ हाताचं काम सुरुवातीपासून सोलमधल्या एकॉम स्टुडिओत जायचं. १० ऑक्टोबर २०१० च्या एपिसोडची सुरुवातीची सोफ्याची गंमत (शीर्षकाच्या शेवटी कुटुंब सोफ्यावर येऊन बसतं तो तुकडा) बँक्सी या ब्रिटिश चित्रकाराने लिहून दिली. त्यात दाखवलंय काय तर अंधारी तळघरासारखी जागा, रांगेत बसून कार्टून रंगवणाऱ्या आशियाई बायका, खाली हाडं आणि उंदीर, मांजरीची पिल्लं दळून त्यांच्या केसांनी बाहुल्या भरतायत, एक मरतुकडा युनिकॉर्न शिंगाने डीव्हीडीला भोकं पाडतोय, आणि शेवटी फॉक्सचा लोगो काटेरी तारांच्या आत. जगभर वाहवा झाली, काय हिंमत, काय आत्मपरीक्षण. आणि हे काढलं कोणी? सोलमधल्याच लोकांनी. एकॉमचे मालक नेल्सन शिन यांनी उघड नाराजी दाखवली की आमचं काम असं नाहीये.

मी जेव्हा ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्वतः मालाडच्या एका स्टुडिओत परदेशी सिरीजचे शॉट मारत होतो. आम्ही सगळ्यांनी एका मॉनिटरभोवती उभं राहून बघितलं आणि एकजण म्हणाला, आपल्याकडे एसी तरी बरा आहे. हशा झाला, पण मला ते आवडलं नाही आणि का आवडलं नाही ते कळायला दिवस गेले. पिळवणूक होते हो, नाही असं कोण म्हणतं, पण ती अशी होत नाही. ती अशी होते की रीटेक तिसऱ्यांदा येतो आणि त्याचे पैसे नसतात. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तिकडची सकाळ होते आणि मेल येतो की सोमवारी पाहिजे. शेवटच्या नावांच्या यादीत स्टुडिओचं एक नाव असतं आणि ज्या पोरीने नायकाचं रडणं आठ दिवस बसून जमवलं तिचं नाव नसतं. यातलं एकही त्या चित्रात नाहीये, तिथे उंदीर आणि हाडं आहेत. पूचीमध्ये मीटिंगमधला एकेक शब्द बरोबर होता कारण लिहिणारा त्या खुर्चीत बसला होता. सोलच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं, म्हणून मग काळोख आणि काटेरी तारा. ज्यांच्यावर अन्याय होतोय म्हणून दाखवलं त्यांच्याकडूनच ते काढून घेतलं, आणि त्यांना विचारलं कोणी नाही की काय दाखवू.

अपूचं पण तेच. क्विक-ई-मार्ट हे दुकान चालवणारा भारतीय अपू, आवाज हँक अझारिया या अमेरिकन नटाचा. इतकी वर्षं अमेरिकेतल्या आपल्या पोरांना शाळेत त्या आवाजात चिडवलं गेलं. न्यू जर्सीत वाढलेला माझा मावसभाऊ घरी आईशी मराठीत बोलायचा, शाळेत पोरं त्याला अपूच्या आवाजात 'थँक यू, कम अगेन' म्हणायची, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला सिम्पसन्स प्रचंड आवडायचं. हरी कोंडाबोलू या कॉमेडियनने २०१७ मध्ये 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट काढला. आता बघा, चॅनलवर, फॅनवर, स्वतःच्या म्हातारपणावर हसणाऱ्या लोकांनी याला उत्तर काय द्यावं? एप्रिल २०१८ च्या एपिसोडमध्ये लिसा कॅमेऱ्याकडे बघून म्हणते की पूर्वी जे लोकांना चालायचं ते आता चुकीचं ठरतंय, काय करणार, आणि बाजूला अपूचा फोटो. जोक नाही, धार नाही, नुसता सुस्कारा. लिसाच्या तोंडी! २०२० च्या सुरुवातीला अझारियाने तो आवाज सोडला. मला अपू आवडत नाही असं नाही, तो कधी कधी त्या गावातला सगळ्यात हुशार माणूस असतो. पण रायटर्स रूममध्ये एक जरी देशी बसला असता तर त्याचं दुकान, त्याचे नातेवाईक, त्याचा व्हिसा, यावर पूचीइतके नेमके जोक निघाले असते. खिडकीतून दिसतं तेवढंच लिहिता येतं.

आणि आता तर घरमालक पण बदललाय. १९९८ च्या एका एपिसोडमध्ये फॉक्सच्या स्टुडिओबाहेर पाटी होती की ही डिस्नेची शाखा आहे, तेव्हा ती फक्त थट्टा होती, मार्च २०१९ मध्ये डिस्नेने खरंच घेतलं. लोक याला भविष्यवाणी म्हणून फिरवतात, मला त्यात भविष्य वगैरे दिसत नाही, मोठा मासा छोट्याला खातो हे कोणालाही माहीत असतं. मला खटकतं ते वेगळं. २००७ च्या सिनेमात बार्ट डोक्यावर काळी ब्रा घालून, मिकीसारखे कान करून म्हणतो की मी एका दुष्ट कंपनीचा मॅस्कॉट आहे. आणि २०२१ मध्ये डिस्ने प्लसच्या वर्धापन दिनाला सिम्पसन्सचा छोटा एपिसोड आला, त्यात डिस्नेची सगळी पात्रं एका पार्टीला जमलेली. टोमणे आहेत त्यात, नाही असं नाही, पण ती जाहिरातच आहे. सोंगाड्याला आता पाटलाच्या पोराच्या वाढदिवसाला बोलावतात.

आपल्याकडे का होत नाही? थोडक्यात सांगतो कारण याचं उत्तर कंटाळवाणं आहे. डेली सोपमध्ये आज लिहिलेलं परवा लागतं, गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी ट्रॅक बदलतो, टर उडवायला जी फुरसत लागते ती कोणाकडे नाही. हक्क सगळे चॅनलचे, ब्रुक्सवालं कलम मागितलं तर लोक तब्येत विचारतील. 'चला हवा येऊ द्या' मध्ये सिनेमांची विडंबनं धमाल व्हायची, पण समोर त्याच सिनेमाची टीम प्रमोशनला बसलेली, त्यामुळे नक्कल डायलॉगची आणि पात्रांची, तो सिनेमा कसा बनला आणि कोणाचे पैसे अडकले यावर कोण बोलणार. कौशल्य कमी नाही हो, आमच्या ग्रुपवर जे लिहिलं जातं ते बाहेर आलं तर सिम्पसन्स फिकं पडेल. ते बाहेर येत नाही एवढंच.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून एक करा, पूचीचा एपिसोड आवाज बंद करून एकदा बघा आणि नंतर बँक्सीवालं तसंच बघा, मीटिंगच्या टेबलावरचे लोक कसे बसलेत, कोण कोणाकडे बघतोय, आणि तळघरातल्या बायका कशा बसल्यात. एकीकडे माणसं दिसतील.

आमच्या टीममध्ये 'पूची आला' हा आता रोजचा शब्द आहे, नवीन आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगावा लागतो. मागच्या महिन्यात चॅनलकडून मेल आला की अस्वलाला एक मस्त पोपट मित्र देऊ या का, जरा स्ट्रीट-स्मार्ट, रॅप वगैरे करणारा, आणि तो नसेल तेव्हा बाकीच्यांनी त्याची आठवण काढली तर कॅरेक्टर पटकन बसेल. मी मेल वाचून दाखवला. कोणी हसलं नाही, एकजण फक्त विचारत होता की पोपटाचे पंख रिगमध्ये (पात्र हलवायच्या सांगाड्यात) घ्यायचे की सरकवून चालेल. मी 'नोटेड, विल शेअर डिझाइन्स बाय वेन्सडे' असं उत्तर पाठवलं आणि त्याला सांगितलं, सरकव.